होंडा जीएक्स२०० इंजिनचा प्रेशर वॉशर: मशीन दणकट, पेट्रोल मात्र सांभाळा

१९६ सीसी इंजिनचं, पाण्याचा जोरदार फवारा मारणारं हे मशीन सोसायटीचं पार्किंग आणि गच्चीवरचं शेवाळ काढायला उत्तम. पण मुंबईच्या पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून मशीन दिवाळीआधी बाहेर काढलं, की इंजिनचा आवाज वरखाली होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी बसतं.

चोक अर्धा ओढल्यावर सुरळीत चाललं, तर पायलट जेट (कार्बोरेटरमधला, मंद गतीला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग) तुंबलाय असं समजा. पाण्याची गन दाबल्यावरच दम सोडत असेल, तर आधी मेन जेट (लोडवर पेट्रोल देणारा) बघा. पेट्रोलचा कॉक बंद करून १० मिमीच्या पान्याने कार्बोरेटरची वाटी उतरवा. तळाशी पाण्याचे गोल थेंब घरंगळताना दिसतील. मेन जेट स्क्रू ड्रायव्हरने निघतो, पायलट जेट आयडल स्क्रू काढून वर ओढायचा. क्लीनर मारून उजेडासमोर धरा, केसाएवढं भोक आरपार दिसलंच पाहिजे. जाड तार कृपा करून घालू नका, भोक रुंदावलं की जेट बाद.

स्पार्क प्लग बीपीआर६ईएस, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. ऑइल सुमारे ६०० मिली. कमी पडलं की ऑइल अलर्ट हा सेन्सर स्पार्कच तोडतो आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलतात. सुरू करायची दोरी जड लागते? गन दाबून पंपातलं प्रेशर सोडा, मग ओढा.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात स्वस्त डुप्लिकेट कार्बोरेटर मिळतात. जेट साफ होत असेल तर मूळचाच ठेवा.