सेफवर कॅसान्ड्रा चालवण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

चाकण परिसरातील कारखान्यांच्या यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरच्या नोंदी आम्ही खराडीतल्या आमच्या सर्व्हर रूममध्ये कॅसान्ड्रा या अनेक यंत्रांवर मिळून चालणाऱ्या डेटाबेसमध्ये साठवतो. उभारणीच्या वेळी त्याच्या तिन्ही नोडना (डेटाबेस चालवणाऱ्या यंत्रांना) डिस्क दिल्या त्या सेफच्या (Ceph, अनेक यंत्रांच्या डिस्क एकत्र करून वापरू देणारी साठवण प्रणाली) सामाईक क्लस्टरमधून, कारण तो आधीपासून उत्तम चालला होता. नऊ महिन्यांनी ही रचना मी स्वतःच मोडली. सेफ आणि कॅसान्ड्रा दोन्ही माझ्या विश्वासाची आहेत, परंतु प्रती सांभाळण्याचे एकच काम दोघे एकमेकांच्या नकळत करत होते.

जागेचा हिशेब लगेच लक्षात आला. कॅसान्ड्रा प्रत्येक नोंदीच्या ३ प्रती ठेवतो आणि सेफ त्यातल्या प्रत्येकीच्या आणखी ३, म्हणजे १ टेराबाइट माहितीला ९ टेराबाइट जागा. शिवाय कॉम्पॅक्शनमध्ये (कॅसान्ड्रा जुन्या फाइली एकत्र करतो त्या कामात) फाइली पुन्हा लिहिल्या जातात, तेव्हा ते सारे लेखनही नेटवर्कवरून तिप्पट होते.

खरा धडा सहाव्या महिन्यात मिळाला. सेफमधली एक डिस्क बंद पडली नाही, नुसती मंदावली. आणि मंदावलेली डिस्क बंद पडलेल्या डिस्कपेक्षा अधिक त्रास देते. ३ पैकी २ नोडनी होकार दिला की कोरमचे (बहुमताचे) लेखन पूर्ण होते, त्यामुळे एखादा नोड रेंगाळला तरी चालेल असे आम्ही धरून होतो. पण सेफ प्रत्येक व्हॉल्यूमचे (नोडला दिलेल्या आभासी डिस्कचे) मुळातच ४ मेगाबाइटचे तुकडे करून ते सगळ्या डिस्कवर विखुरतो, आणि ज्या डिस्कवर प्रती जायच्या त्या सर्वांवर लेखन झाल्याखेरीज पोच देत नाही. त्यामुळे त्या एका डिस्कवर तिन्ही नोडचे तुकडे होते, तिन्हींचे कमिटलॉग (प्रत्येक लेखन आधी ज्यात टिपले जाते त्या फाइली) एकाच वेळी मागे पडले आणि ॲप्लिकेशनांवर टाइमआउटचा (वेळेत उत्तर न आल्याच्या त्रुटींचा) पाऊस पडला. कागदावर स्वतंत्र दिसणारे तीन नोड प्रत्यक्षात एकाच पायावर उभे होते.

एचबेस या दुसऱ्या डेटाबेसचे तसे नाही. तिथे प्रती ठेवण्याचे काम मुळातच एचडीएफएस या त्याच्याखालच्या फाइल साठवण प्रणालीकडे सोपवलेले असते आणि एका वेळी एका रीजनची (तक्त्याच्या एका भागाची) सेवा साधारणपणे एकच सर्व्हर करतो, म्हणून ती जोडी एकमेकांना अडवत नाही.

आता प्रत्येक नोडला स्वतःची, यंत्रातच बसवलेली वेगवान एनव्हीएमई डिस्क आहे आणि तिन्ही नोड वेगवेगळ्या रॅकमध्ये आहेत. याची किंमतही मोजावी लागते: पूर्वी यंत्र बिघडले तर तोच व्हॉल्यूम काही मिनिटांत दुसऱ्या यंत्राला जोडता येई, आता नव्या नोडला सगळी माहिती उरलेल्या दोघांकडून ओढून घ्यावी लागते. मागच्या महिन्यात या कामात अख्खी रात्र गेली, मात्र त्या काळात लेखन एकदाही अडले नाही. आमचा पोस्टग्रेस डेटाबेस स्वतःच्या प्रती ठेवत नाही, म्हणून तो मी सेफवरच राहू दिला आहे.