जुन्या लॅपटॉपवर थेट भजन: ब्राउझरमध्ये पाहावं की एमपीव्हीमध्ये?

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत श्री दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन चालतं ते चोवीस तास. डिचोलीहून दिवसा एकदा जाऊन दर्शन घेऊन येणं होतं, रात्रभर तिथं थांबणं आता जमत नाही. त्यामुळे रात्रीचं भजन घरी, लॅपटॉपवर. हा लॅपटॉप २०१३ साली घेतलेला आहे: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मी त्याच्या आधीच त्यावर लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली टाकलं होतं. ज्यांच्याकडे असंच यंत्र आहे आणि जे नवं घ्यायच्या विचारात नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय: थेट भजन ब्राउझरमध्ये पाहावं, की एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा, कारण बरेच जण इथंच चुकतात. चित्र थांबून गोल चक्र फिरायला लागलं आणि आवाजही गेला, तर दोष नेटचा. आवाज नीट चालू आहे पण चित्र ठेचकाळतंय, तर नेटला बोल लावू नका, यंत्रच धापा टाकतंय. यूट्यूबच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की दोन्ही एकाच ठिकाणी कळतं. ‘बफर हेल्थ’ (आधीच उतरवलेला साठा) शून्याकडे जात असेल तर नेट, ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा (दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा) आकडा चढत असेल तर प्रोसेसर.

नेटचं थोडक्यात सांगतो. आमचं घर चिऱ्याचं, भिंती जाड. राउटर सोप्यावर आणि लॅपटॉप माजघरात, अशा व्यवस्थेत वायफायची निम्मी ताकद भिंतीतच जिरते. एक लॅनची केबल ओढली आणि तो प्रश्न मिटला. केबल शक्य नसेल तर प्रक्षेपण अर्धा मिनिट थांबवून मग चालू करा. थेट प्रक्षेपणात पुढचं चित्र अजून तयारच झालेलं नसतं, त्यामुळे साठा जेमतेम काही सेकंदांचा राहतो. अर्धा मिनिट मागे राहिलात की तेवढा साठा हाताशी येतो. भजन तीस सेकंद उशिरा ऐकलं म्हणून काही बिघडत नाही.

यंत्राच्या धापेचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबून पाठवतं. हे उलगडण्याचं काम ग्राफिक चिपने करावं अशी अपेक्षा असते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. माझ्या तिसऱ्या पिढीला यातलं काहीच येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तिला येतं ते जुनं एच.२६४, आणि तेही उत्तम येतं. म्हणजे दोन्ही मार्गांचा हेतू एकच: यंत्राला एच.२६४ मिळवून देणं.

पहिला मार्ग ब्राउझरचा. त्यात ‘एन्हान्स्ड एच२६४-इफाय’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, घालायचं. ते साइटला सांगतं की या ब्राउझरला व्हीपी९ आणि एव्ही१ समजत नाही, मग साइट निमूट एच.२६४ पाठवते. त्यात सेकंदाला ६० फ्रेमचे व्हिडिओ रोखण्याचीही खूण आहे, ती जरूर करा, प्रोसेसरचं काम जवळपास निम्मं होतं. फायरफॉक्सने २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर इंटेलच्या चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं आपणहून सुरू केलं, त्यामुळे हा मार्ग पूर्वीपेक्षा बराच सुधारला आहे. पाच मिनिटांचं काम, काही शिकावं लागत नाही, आणि घरातल्या कोणालाही पुढे चालवता येतं.

दुसरा मार्ग ब्राउझर बाजूला ठेवण्याचा. स्ट्रीमलिंक नावाची छोटी आज्ञावली थेट प्रक्षेपणाचा प्रवाह उचलते आणि एमपीव्ही या प्लेअरच्या हाती देते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, स्ट्रीमलिंक, त्यापुढे प्लेअर म्हणून एमपीव्ही (‘--player mpv’), त्यापुढे प्रक्षेपणाची लिंक, त्यापुढे ‘४८०पी’ हा चित्राचा दर्जा, एवढंच लिहायचं. पान नाही, शेजारच्या शिफारशी नाहीत, फक्त चित्र आणि आवाज. थेट प्रक्षेपणाचा जो प्रवाह या वाटेने येतो तो माझ्या अनुभवात एच.२६४ चाच असतो, म्हणून एक्स्टेन्शनची गरज लागत नाही.

इथं एक खाचखळगा आहे, त्यात मी स्वतः पडलो. एमपीव्ही मुळात चिपची मदत घेत नाही, ती सोय बंद असते. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एचडब्ल्यूडेक’ ही ओळ ‘ऑटो’ (hwdec=auto) करून ठेवावी लागते. शिवाय लिनक्सवर माझ्यासारख्या जुन्या चिपला आय९६५ हा जुना ड्रायव्हर (चिपकडून काम करवून घेणारी आज्ञावली) लागतो, कारण इंटेलचा नवा ड्रायव्हर पाचव्या पिढीच्या मागे जात नाही. या दोन गोष्टी न करता मी पहिल्या दिवशी एमपीव्हीला नापास करून टाकलं होतं. चालू असताना आय ही कळ दाबली की चिप कामाला लागली आहे का आणि फ्रेम गळतायत का, ते पडद्यावर दिसतं.

आता माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट.

मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. सप्ताहात मोठमोठे वादक बसतात. मी ते भजन ऐकतो तितकंच त्यांचे हात पाहतो. धुमाळी तालातून दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जाताना डावा हात किती उचलला जातो, तिरकिट या बोलाला बोटं कशी पडतात, हे कानाने अर्धंच कळतं. हिशेब करून पाहा. जलद लयीत सेकंदाला आठ बोल पडले तर एका बोलाला सव्वाशे मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमच्या चित्रात तेवढ्या वेळात जेमतेम चार फ्रेम येतात. त्यातल्या दोन गळल्या तर हात वर दिसतो, मग एकदम पखवाजाच्या पुडीवर टेकलेला दिसतो, आणि मधली उतरण्याची क्रिया, जी मला पाहायची असते, तीच नाहीशी होते. थाप कानाला ऐकू येते तेव्हा डोळ्यासमोर हात अजून हवेत असतो. पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते जाणवणारही नाही. मला मात्र दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन घातल्यावर पहिला तासभर सगळं छान चाललं. मला वाटलं, झालं काम. मग हळूहळू गळती सुरू झाली. एच.२६४ तर नीट चालू होतं, मग कारण काय? कारण होतं पान. थेट प्रक्षेपणाच्या शेजारी चॅट धावत असतं, आणि सप्ताहात ते अखंड धावतं. ते आणि बाकीचं पान रॅम भरत राहतं, चार जीबी संपली की यंत्र फिरत्या डिस्कवर लिहायला लागतं, आणि ऐन रंगात आलेल्या अभंगात हात ठेचकाळू लागतात. चॅट बंद केलं तेव्हा मुदत तासावरून अडीच तासांवर गेली, एवढंच. उपाय म्हणजे पान पुन्हा उघडायचं. पण उघडेपर्यंत ज्या पखवाजीची वाट पाहत जागलो, त्याचा तुकडा निघून गेलेला. एका रात्री असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी लॅपटॉप बंद करून झोपलो, आणि सकाळी उठून स्ट्रीमलिंक पुन्हा बसवायला घेतलं, या वेळी ड्रायव्हरसकट.

एमपीव्हीमध्ये पुढच्या रात्री दहा वाजता एक दीर्घ भजनाचं प्रक्षेपण लावलं आणि पहाटे तीनपर्यंत एकदाही हात लावावा लागला नाही. माझ्याकडे मोजमापाचं साधन नाही, पण लॅपटॉपचा पंखा आहे. ब्राउझरमध्ये तो हार्मोनियमचा षड्ज ऐकू येऊ नये इतका घोंघावायचा. एमपीव्हीमध्ये तो आहे की नाही हे कळण्यासाठी कान जवळ न्यावा लागला. (पंखा आधीच साफ करून घेतलेला होता. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ पात्यांवर चिकटून बसते आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. कुठलाही मार्ग निवडण्याआधी हे करून घ्या.)

दर्जाबद्दल माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. ७२०पी चा मोह सोडून ४८०पी वर या. यूट्यूबवर ६० फ्रेम ७२०पी पासून वरच मिळतात, म्हणून ४८०पी वर आलं की ३० फ्रेम आपोआप होतात आणि चित्रही लहान होतं. चौदा-पंधरा इंची पडद्यावर वादकाचा चेहरा जरा मऊ दिसतो, पण तिसाच्या तीस फ्रेम पोचतात. मला चेहऱ्यापेक्षा हात हवे आहेत.

एमपीव्हीच्या बाजूने इतकं बोललो, तर त्याचा त्रासही सांगायला हवा. स्ट्रीमलिंक ताजं ठेवावं लागतं. साइटच्या रचनेत काही बदललं की जुनी आवृत्ती लिंकच उघडत नाही, आणि मिंटबरोबर येणारी आवृत्ती बहुधा जुनीच असते. सप्ताहाच्या चार दिवस आधी एकदा चालवून पाहायची सवय मी लावून घेतली आहे. प्रक्षेपण मध्ये तुटलं तर प्लेअर बंद होतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय आहे, पण तो आज्ञेत लिहावा लागतो. श्रावणातल्या पावसात लाइट जाते तेव्हा याची किंमत कळते. राउटर इन्व्हर्टरवर ठेवला असेल तर निभावतं.

आणि चॅट मिळत नाही. आमच्या आईसाठी ही मोठी उणीव आहे. मस्कतला असलेला माझा भाऊ तिथून भजन पाहतो आणि चॅटमध्ये ‘जय दामोदर’ लिहितो. आई भजन ऐकता ऐकता त्याची ओळ शोधत असते. तिला टर्मिनल दाखवणं मला योग्य वाटत नाही. तिच्यासाठी मी ब्राउझरची वाट तशीच ठेवली आहे, एक्स्टेन्शनसकट, आणि तासाभराने पान ताजं करायचं तिला पाठ झालं आहे. तिला हात पाहायचे नसतात, त्यामुळे गळक्या फ्रेमचा तिला उपद्रव नाही. मी असताना आम्ही चित्र लॅपटॉपवर आणि चॅट मोबाइलवर ठेवतो. फक्त मोबाइलचा आवाज बंद हवा, कारण स्ट्रीमलिंकचं चित्र बरंच मागे चालतं आणि ‘काय वाजवलं!’ असा निरोप ते वाजण्याआधीच येऊन पडतो.

तेव्हा कीर्तन, नाटक, प्रवचन असं काही अधूनमधून पाहायचं असेल, तासाभरात उठायचं असेल, घरात अनेकांचे हात लॅपटॉपला लागत असतील, तर ब्राउझर आणि एक्स्टेन्शन पुरेसं आहे, त्याला नाव ठेवण्यासारखं काही नाही. रॅम आठ जीबी असेल किंवा एसएसडी बसवलेली असेल तर माझी तक्रार तुम्हाला बहुधा येणारही नाही. पण यंत्र माझ्याएवढं जुनं असेल आणि बसल्या जागी रात्र काढायची असेल, तर एक संध्याकाळ खर्च करून स्ट्रीमलिंक आणि एमपीव्ही बसवून पाहा, ड्रायव्हर आणि ती ‘ऑटो’ची ओळ विसरू नका. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत. रात्री पार, म्हणजे सप्ताहातल्या भजनी मिरवणुका, निघायची वेळ झाली की मी न चुकता टर्मिनल उघडतो.