एस्प्रेसो मार्टिनी की आयरिश कॉफी?

घरी कॉफीचं कॉकटेल म्हटलं की माझ्याकडे ही दोनच आलटून-पालटून होतात.

एस्प्रेसो मार्टिनी १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने बनवली. नावात मार्टिनी असली तरी मूळ मार्टिनीतली जिन नाही की व्हरमूथ (मसाले-वनस्पती घातलेली वाइन) नाही. ५० मिली व्होडका, २५ मिली कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू), ३० मिली ताजी कडक कॉफी, चमचाभर साखरेचा पाक. सगळी मजा फेसात. शेकर बर्फाने गच्च भरून १५ सेकंद जीव खाऊन हलवायचा, हात गारठेपर्यंत. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालते. मी एकदा सैल झाकणाची घेतली. ओट्यापासून फ्रिजपर्यंत तपकिरी शिंतोडे!

आयरिश कॉफीला ही कसरत नाही. ग्लास गरम पाण्याने विसळा, १२० मिली कॉफीत दोन चमचे ब्राउन शुगर विरघळवा, ४० मिली आयरिश व्हिस्की ओता. वर क्रीम. इथेच घोडं अडतं. २५ टक्के फॅटचं पातळ क्रीम नीट फेटलं जात नाही, कॉफीत मिसळून जातं. ३५ टक्क्यांच्या आसपासचं हवं, तेही अर्धवट फेटून, उलट्या चमच्यावरून अलगद सोडलेलं. साखर मात्र वगळू नका, तिच्यामुळे कॉफी जड होते आणि क्रीम तरंगतं. ढवळायचं नाही, थंड क्रीमखालून गरम कॉफी ओढायची.

चार पाहुणे असले तर आयरिशच बरी, मार्टिनी दोन-दोन करून हलवत बसावी लागते. रात्री दहानंतर मात्र मी दोन्हींना हात लावत नाही, झोपेचं खोबरं होतं.