लॉरेन्स ऑफ अरेबिया : चौथ्यांदा बघितला, आणि एपिक कशाला म्हणायचं ते परत कळलं

हल्ली कुठल्याही पिक्चरला एपिक म्हणतात. बजेट मोठं, कॉम्प्युटरवर केलेली लाखभराची फौज, मागे दणदणीत म्युझिक, की झालं एपिक. मला ते पटतच नाही. माझ्यासाठी एपिक म्हणजे डेव्हिड लीनचा 1962 चा लॉरेन्स ऑफ अरेबिया, पहिल्या महायुद्धात अरबांसोबत तुर्कांविरुद्ध लढलेल्या लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची गोष्ट, आणि परवा चौथ्यांदा, पण पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर बघितला तेव्हा तर खात्रीच पटली.

ओमर शरीफची एन्ट्रीच घ्या ना. वाळवंटात एक विहीर, लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाणी पितायत, आणि लांब क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका हलतोय. बस्स. तो ठिपका येतोय, येतोय, अजून येतोच आहे, म्युझिक नाही की काही नाही, वाटाड्या घाबरून पिस्तुलाकडे धावतो आणि गोळी लागून पडतो, तरी तो उंटस्वार सावकाशच येतो. कॅमेरामन फ्रेडी यंगने यासाठी खास 482 मिलीमीटरची लेन्स वापरली होती. घरच्या टीव्हीवर मला तो ठिपका सुरुवातीला दिसायचाच नाही, मोठ्या पडद्यावर मात्र आपणच डोळे बारीक करून शोधायला लागतो.

आता पुढचं, ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा पॅरा सोडा. रात्रीच्या प्रवासात गासिम नावाचा माणूस उंटावरून पडून मागे राहतो, सगळे म्हणतात त्याचं मरण लिहिलेलंच होतं, पण लॉरेन्स एकटा त्या भट्टीत मागे फिरतो आणि त्याला घेऊन येतो. मग तुर्कांच्या ताब्यातल्या अकाबा बंदरावर हल्ला करायच्या आदल्या रात्री खून होतो, दोन टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात, लॉरेन्स म्हणतो मी कुठल्याच टोळीचा नाही, शिक्षा मी देतो. आणि खुनी मान वर करतो तर तो गासिम! ज्याला जीव धोक्यात घालून वाचवलं त्यालाच गोळ्या घालायच्या. पोटात अक्षरशः खड्डा पडतो. एवढं मोठं वाळवंट, एवढे उंट, एवढा पैसा, सगळं त्या एका माणसाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतं, आणि माझ्या लेखी एपिक ते हेच.

नुसता आकारच हवा असता तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सेव्हन सामुराय यात बसलाच नसता. 1954 चा, 207 मिनिटांचा, आणि गोष्ट काय तर एक गाव आणि चाळीस दरोडेखोर. पण एकेक दरोडेखोर मरतो तशी कागदावर त्यांच्या नावाने काढलेल्या गोलांवर एकेक फुली पडत जाते तेव्हा आपणही श्वास रोखून मोजत असतो.

लॉरेन्समध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. अॅलेक गिनेसला मेकअप करून अरब राजपुत्र केलाय ते आज बघवत नाही, बाईच्या तोंडी एक वाक्य नाही, आणि इंटरव्हलनंतर पकड जरा सैल होते, दमास्कसचा भाग मला दर वेळी घाईत उरकल्यासारखा वाटतो. इतिहास म्हणून तर बघूच नका.

तरीही पाचपैकी पाच. 227 मिनिटांचा आहे, इंटरव्हल घेऊन एकाच बैठकीत बघा, मोबाईलवर अजिबात नको. सुरुवातीला बराच वेळ पडदा नुसता काळा असतो आणि मॉरिस जारचं म्युझिक वाजत राहतं, काहीतरी बिघडलंय समजून पुढे ढकलू नका.