मासळी: खारवलेली की फ्रीझरमधली?

वैशाखात आमचे हे पहाटे बडोद्याजवळच्या सिंधरोटला मही नदीवर गळ टाकतात. मी सात महिन्यांच्या बाळाला घेऊन काठावर, सावलीत बसते. दहाच्या आत घरी, कारण नंतर बडोद्याचं ऊन बाळाला सोसत नाही.

मासळी टिकवायची कशी? सासूबाईंचा भर खारवण्यावर. चिंगळ्या, म्हणजे बारीक मासे, पोट साफ करून, जाड मीठ चोळून, रात्रभर दाबून ठेवायच्या. मग गच्चीत दोरीवर. बाळाची जुनी मच्छरदाणी वरून घातली की माशा बसत नाहीत. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत मासळी कडकडीत होते, बोटाने मोडली की कट्कन आवाज येतो. वीज गेली तरी चिंता नाही, आणि पावसाळ्यात भाकरीबरोबर ती चव दुसऱ्या कशाला नाही. पण रोहू-कटल्याचे जाड तुकडे आतून ओले राहून वास मारतात.

ते तुकडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. एका वेळेपुरत्याच पुड्या बांधते, कारण वितळलेली मासळी परत गोठवायची नाही.

बाळासाठी मात्र फ्रीझरच. वर्षाच्या आत मीठ नको, म्हणून खारं त्याच्या वाटीत जातच नाही. रोहूचा तुकडा वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून काटे काढते, मग मऊ भातात कुस्करते.