‘एकदाच भरायचंय’ म्हणून गळ्यात मारलेली शिक्षणाची पॉलिसी

साखर कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर पडलं की दोन-तीन दिवसांत बँकेतून फोन येतो. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, तालुका कुठलाही असो. तासगावकडं हाच फोन बेदाण्याचे पैसे आल्यावर येतो, एवढाच फरक. खात्यात किती जमा झालं आणि किती दिवस पडून आहे, हे शाखेतल्या संगणकावर दिसतच असतं. मग बोलावणं, चहा, आणि टेबलापलीकडून मायेचा सूर : “अण्णा, एवढे पैसे सेव्हिंगला कशाला पाडून ठेवलेत? लेकीच्या नावानं एज्युकेशनची एफडी करून टाका. एकदाच एक लाख. पुढं कॉलेजला कर्ज काढायची पाळी यायची नाही.”

ही एफडी नसते. ती दरवर्षी एक लाख भरायची, दहा-पंधरा वर्षांची जीवन विम्याची पॉलिसी असते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात प्रीमियमचा मेसेज येतो, किंवा मेसेजही न येता खात्यातून परस्पर लाख रुपये वळते होतात, तेव्हा घरात कळतं. हा प्रकार एका घरचा नाही. थोड्याफार फरकानं सगळीकडं तो असाच घडतो. म्हणून तो कागदाच्या क्रमानं मांडलेला बरा, कारण फसवणूक बोलण्यात होत असली तरी तिच्या खुणा कागदावरच राहतात.

पहिली गोष्ट, टेबलापलीकडचा माणूस कोण? बँका विमा कंपन्यांच्या अधिकृत एजंट असतात, आणि शाखेत बसलेला तो तरुण पुष्कळदा बँकेचा नोकर नसून विमा कंपनीचा असतो. त्याला महिन्याचं टार्गेट असतं. गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघितलं तर कंपनीचं नाव दिसतं. ‘बँकेतल्या साहेबांनी सांगितलं’ या एका वाक्यावर जो विश्वास बसतो, तोच विकला जात असतो. त्याच काउंटरवर सुकन्या समृद्धी (मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं) किंवा पीपीएफचं खातंही निघतं, पण त्यावर विक्रेत्याला कमिशन नाही. त्यामुळं ते आपण होऊन कुणी सुचवत नाही.

आता अर्ज. विमा प्रस्तावाचा अर्ज दहा-बारा पानांचा असतो. ग्राहकाला फक्त फुल्या मारलेल्या जागी सह्या करायला सांगतात आणि बाकीचं नंतर भरतात. त्यात हमखास चार ठिकाणी गडबड होते. वार्षिक उत्पन्न फुगवलेलं असतं, कारण तेवढं दाखवल्याशिवाय लाखाचा हप्ता मंजूर होत नाही. मोबाइल नंबर किंवा ईमेल एजंटचा असतो, म्हणजे कंपनीचे मेसेज ग्राहकापर्यंत पोचतच नाहीत. प्रीमियम भरण्याची मुदत ‘१०’ किंवा ‘१२’ लिहिलेली असते आणि भरणा ‘वार्षिक’. एकदाच भरायची पॉलिसी असेल तर तिथं ‘एकरकमी’ असायला हवं. चौथं, सही मराठीत असेल तर अर्जाच्या शेवटी एक वेगळं घोषणापत्र असतं : अर्जातला मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि त्याला तो कळला. समजावणारा म्हणून भलत्याच कुणाची तरी सही असते, आणि पुढं भांडण झालं की कंपनी हाच कागद पुढं करते.

अर्जाबरोबर आणखी एक छोटा कागद सरकवतात, खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची संमती. त्याला नॅच मँडेट म्हणतात. दुसऱ्या वर्षीचा हप्ता परस्पर जातो तो यामुळं. त्यावर कापायची कमाल रक्कम, किती वेळानं कापायची आणि शेवटची तारीख लिहिलेली असते. ‘एकदाच’ म्हणणाऱ्याला हा कागद लागतोच कशाला, एवढं जरी त्या वेळी विचारलं तरी समोरचा अडखळतो. मँडेट ज्या बँकेत खातं आहे तिथं लेखी अर्ज देऊन रद्द करता येतं.

मग पडताळणीचा कॉल येतो. पॉलिसी देण्याआधी कंपनी ग्राहकाला फोन किंवा व्हिडिओ करून विचारते की दरवर्षी इतका हप्ता इतकी वर्षं भरायचाय, हे माहीत आहे का? एजंट शेजारी बसून सांगतो, “दादा, नुसतं हो म्हणा, नाहीतर परत सगळं करावं लागतंय.” आणि लोक हो म्हणतात. नंतरच्या तक्रारीत सगळ्यात जास्त नडतं ते हेच रेकॉर्डिंग. कॉलवर ‘मला एकदाच भरायचं असं सांगितलंय’ हे एक वाक्य बोललं गेलं असतं, तर बहुतेक पॉलिस्या तिथंच अडकल्या असत्या.

‘दामदुप्पट’चं गणितही नीट बघायला पाहिजे, कारण यात खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. “पाच वर्षं लाख-लाख भरा, पंधराव्या वर्षाच्या शेवटी दहा लाख घ्या.” पाचाचे दहा झाले, हे खरंच. पण सगळे हप्ते धरून हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांहूनही किंचित कमी पडतो. तेच पाच हप्ते पीपीएफमध्ये गेले आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर तसाच राहिला, तर पंधरा वर्षांनी सव्वाबारा लाखांच्या आसपास होतात. मुलीच्या सुकन्या खात्यात, जानेवारी २०२४ पासूनच्या ८.२ टक्क्यांनी, चौदा लाखांच्या घरात. (दोन्ही खाती चालू ठेवायला नंतर दरवर्षी पीपीएफमध्ये किमान ५०० आणि सुकन्यात किमान २५० रुपये भरावे लागतात. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा ते कमी-जास्त होऊ शकतात.) बोनसवाल्या पॉलिसीत लाभाचा तक्ता देतात. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. दोन्हींतला बोनस नुसता अंदाज असतो, आणि हमीची रक्कम वेगळ्या रकान्यात लिहिलेली असते. विक्रेत्याचं बोट मात्र ८ टक्क्यांच्या रकान्यावरून हलत नाही.

पैसे कधी मिळणार, हा प्रश्न तर बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. चार वर्षांच्या मुलासाठी वीस वर्षांची पॉलिसी घेतली की ती मुदत संपते तेव्हा मुलगा चोवीस वर्षांचा. इंजिनिअरिंग किंवा फार्मसीचा प्रवेश सतराव्या-अठराव्या वर्षी, साधारण जुलै ते सप्टेंबरात. म्हणजे शिक्षणासाठी म्हणून घेतलेली पॉलिसी असूनही कर्ज काढावं लागतंच, आणि हप्ते मुदतभर भरायचे असतील तर वर तेही चालूच. सुकन्या खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होत असलं तरी मुलगी अठराची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. त्याला प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती लागते.

या पॉलिसीतला एकच भाग खरोखर कामाचा असू शकतो : आई किंवा वडील गेले तर पुढचे हप्ते माफ होऊन पॉलिसी चालू राहणं. पण तोही आहे की नाही, ते बघावं लागतं. पहिल्या पानावर ‘विमाधारक’ म्हणून मुलाचं नाव असेल आणि प्रीमियम माफीचा जोड-लाभ घेतलेला नसेल, तर कमावता माणूस गेल्यावर हप्ते बंद पडतात आणि पॉलिसीही. कमावत्याच्या नावानं साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) वेगळा घ्यावा आणि बचत वेगळी करावी. स्वस्त पडतं आणि समजायलाही सोपं.

भीती घालण्याचं मापही तपासून घ्यावं. “इंजिनिअरिंगला पंचवीस लाख लागणार” हा आकडा हवेत फेकलेला असतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. म्हणजे कित्येक घरांत बचत लागणार आहे ती मुख्यतः वसतिगृह, मेस आणि पुस्तकांसाठी.

आणि इथंच फुगवलेल्या उत्पन्नाचा कागद उपयोगी पडतो. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात असतोच. दाखल्यावर एक लाख ऐंशी हजार आणि विमा अर्जावर नऊ लाख असेल, तर अर्ज ग्राहकानं भरलेला नाही हे दाखवायला याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

कळल्यावर काय करायचं, हे कधी कळलं त्यावर ठरतं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण लिहून परत करता येते. हा हक्क विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांत आहे. कंपनी मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा हप्ता कापून बाकी रक्कम परत देते. मुदत पॉलिसी मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून टपालाचं पाकीट शिक्क्यासकट ठेवावं. अर्ज साधा चालतो : पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, काय सांगितलं होतं आणि कागदावर काय निघालं, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. तो बँकेतल्या त्या माणसाकडं अजिबात देऊ नये. “मी करून देतो, पंधरा दिवस थांबा” म्हणत तो नेमके तीस दिवस घालवतो. विमा कंपनीच्या शाखेत द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा आणि तोच मजकूर ईमेलनंही पाठवावा.

तीस दिवस उलटून गेले असतील तर वाट लांबची आहे. हप्ता नुसता थांबवला तर काय हाती लागतं, ते आधी बघा. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीच्या नियमांतल्या पारंपरिक पॉलिसीत एकच हप्ता भरून सोडलं तर साधारण काहीच मिळत नसे. दोन भरले तर हमीचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडली की परत मिळणारी रक्कम) भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे दोन लाखांचे साठ हजार. त्या तारखेपासूनच्या नव्या नियमांत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर काहीतरी मिळतं, पण भरलेल्यापेक्षा कमीच. म्हणून ‘चुकीची विक्री’ म्हणून तक्रार करून पूर्ण रक्कम मागणं वेगळं आणि सरेंडर करणं वेगळं. सरेंडरच्या फॉर्मवर आधी सही करून बसू नये.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी करायची आणि ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवायची. अडचण आली तर विमा नियामकाचा टोल फ्री नंबर १५५२५५. सोबत अर्जाची प्रत, लाभाच्या तक्त्याची प्रत आणि पडताळणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागायचं. एजंटनं चिठ्ठीवर किंवा कॅलेंडरच्या मागं पेनानं मांडलेलं गणित, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, हे सगळं जपावं. ‘एफडी’ हा शब्द त्याच्या अक्षरात असेल तर ती चिठ्ठी पॉलिसीइतकीच मोलाची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं जायचं. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या कार्यालयाखाली येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, मात्र नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

याच काळात दुसरी फसवणूक येते, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. बंद पडलेल्या पॉलिस्यांच्या याद्या बाहेर जातात. मग हिंदीमिश्रित मराठीत फोन : “सर, मैं लोकपाल ऑफिस से बोल रहा हूँ. तुमचा तीन लाख बोनस अडकलाय, फक्त फाइल चार्ज भरा.” आधी काही हजार मागतात, मग जीएसटी, मग टीडीएस, आणि कधी त्याच पैशांतून आणखी एक नवी पॉलिसी काढलेली असते. विमा नियामक किंवा लोकपाल कुणाला बोनस वाटत नाहीत, पॉलिसी विकत नाहीत, पैसे मागत नाहीत. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

पॉलिसीचा धसका घेतलेली माणसं नंतर गावातल्या पतसंस्थेकडं वळतात. तिथं एवढं ध्यानात असू द्या : बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि पिग्मीचं पुस्तक एजंटच्या हातानं भरलेलं असतं. शाखेत जाऊन खात्याचा उतारा दर दोन-तीन महिन्यांनी जुळवून बघावा.

तक्रार वर गेली की कंपनी बहुधा तडजोडीचं पत्र धाडते : हीच रक्कम एकरकमी पॉलिसीत बदलून देतो, किंवा यातून दुसरी पॉलिसी काढून देतो. त्यात पैसे पुन्हा किती वर्षं अडकतात आणि व्याज किती पडतं, याचा हिशेब करून मगच सही करावी. नको असेल तर तसं लेखी कळवून लोकपालापुढचं प्रकरण चालू ठेवता येतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला तो तीस दिवसांत पाळावा लागतो. ग्राहकाला तो पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून लोकपालाच्या निकालाची वाट बघताना तीही तारीख लिहून ठेवावी.