मोटरहोमसाठी रस्त्यावरील मदतीची योजना

आमच्या मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, सोलापुरातील विमा प्रतिनिधीमार्फत आम्ही घेतलेली ही योजना कागदावर भरगच्च दिसते. परंतु तिचा खरा कस गाडीच्या वजनाच्या आणि उंचीच्या अटींत लागतो, कारण साध्या मोटारीसाठी येणारे टोइंगचे वाहन साडेतीन टनांचे हे चाकांवरचे घर ओढू शकेलच असे नाही, आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवल्यावर वाढलेली उंची कमी उंचीच्या पुलाखाली अडते. हे प्रतिनिधीने आपणहून सांगितले नाही, विचारल्यावर मात्र लेखी दिले. विजयपूरमार्गे कर्नाटकात गेल्यावरही सेवा मिळते, ही जमेची बाजू. पंक्चर, बॅटरी, इंधन यांची मदत नेहमीचीच. मोफत टोइंगचे अंतर तोकडे आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहेच. हॉटेलमुक्कामाचा खर्च मात्र योजनेत हवाच होता, कारण गाडी गॅरेजमध्ये गेली की आमचे घरही तिच्याबरोबर जाते.